१३३ पायऱ्या आणि एक पियानो

लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात व्हेंडोम स्ट्रीटवरून वर जाणारा एक सिमेंटचा जिना आहे. पायऱ्या १३३. ‘द म्युझिक बॉक्स’ या १९३२ च्या विनोदपटात लॉरेल आणि हार्डी हे विनोदवीर खोक्यातला पियानो याच जिन्यावरून वर नेतात. खोकं हातातून सुटतं, घरंगळत खाली जातं, ते पुन्हा चढवतात. जेमतेम अर्ध्या तासाच्या चित्रपटात गोष्ट म्हणावी तर एवढीच. विनोदी लघुपटासाठीचं ऑस्कर त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं आणि ते यालाच मिळालं.

आदळआपटीच्या विनोदाला एकच गोष्ट निवांत रंगवण्याचा हा सावकाशपणा मुळात नव्हता. १९१२ मध्ये मॅक सेनेटने कीस्टोन स्टुडिओ काढला, तेव्हा सगळा जोर पळापळीवर होता. एक रीळ सुमारे हजार फुटांचं, दहा-पंधरा मिनिटांत संपणारं. त्यात पाठलाग, मारामारी, एकमेकांवर धडकणारे पोलीस. कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवत; तो हळू फिरवला की कमी चित्रं टिपली जात आणि पडद्यावर माणसं आणखी जोरात धावत. १९१४ मध्ये चॅप्लिन पडद्यावर आला तो इथेच, आणि त्यालाही ही घाई जाचली.

हॅल रोचच्या स्टुडिओत दिग्दर्शक लिओ मॅकॅरीने लॉरेल-हार्डीसाठी ही गती उतरवली. एकाने तडाखा द्यायचा, दुसऱ्याने शांतपणे तो सोसायचा, जरा विचार करायचा, मग परतफेड. हसू येतं ते त्या मधल्या थांबण्यात, असं मला मनापासून वाटतं. ‘म्युझिक बॉक्स’मध्ये तर आवाजही आहे: खोकं प्रत्येक पायरीवर आपटतं तेव्हा आतल्या तारा झणझणतात. घामाघूम होऊन दोघं एकदाचे वर पोचतात, तर पोस्टमन सांगतो की पलीकडून गाडीरस्ता होता. आणि ते पियानो पुन्हा खाली उतरवतात! गाडीत घालून रस्त्याने आणण्यासाठी.

याच जिन्यावर त्यांनी आधी १९२७ मध्ये ‘हॅट्स ऑफ’ हा मूकपट केला होता. त्यात पियानोऐवजी कपडे धुण्याचं यंत्र होतं. त्याची एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही. पण त्यांच्याच ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’मधल्या क्रीमच्या ‘पाय’ (केकसारखा गोड पदार्थ) फेकाफेकीचा बराचसा भाग असाच हरवला होता आणि २०१५ मध्ये ते रीळ सापडलं. म्हणून ‘हॅट्स ऑफ’चीही आशा सोडवत नाही.