कलम 27 आणि फाशी: पंचनाम्यातला शब्द कुणाचा?

बेळगावजवळचं हिंडलगा म्हटलं की आपल्याकडं आधी हुतात्मा स्मारक आठवतं, मग जेल, आणि जेलबरोबर फाशीचा खांब. जेल 1923 चं, मुंबई इलाख्याच्या वेळचं. 1956 साल इकडं डबल महत्त्वाचं, कारण 1 जानेवारीला खुनाच्या केसमध्ये फाशी का दिली नाही याची कारणं जजनं लिहायची अट गेली आणि 1 नोव्हेंबरला जिल्हाच म्हैसूर राज्यात (आताचं कर्नाटक) गेला. पुढं 1973 च्या फौजदारी प्रक्रियेच्या कोडनं उलटं केलं, फाशी द्यायची तर खास कारणं लिहा. 1980 ला सुप्रीम कोर्टाचं 'दुर्मिळातलं दुर्मिळ' आलं, म्हणजे फाशी फक्त तसल्या केसमध्येच. हिंडलग्यात शेवटची फाशी 1983 ची.

आता 'दुर्मिळ' कशाला म्हणायचं यावर सगळे भांडतात, पण गुन्हा यानंच केला हे ज्या कागदावर ठरतं त्याकडं कोण बघत नाही. तो कागद म्हणजे पुरावा कायद्याच्या कलम 27 चा पंचनामा, कन्नड कागदात महजर. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे 1872 च्या त्या कायद्यातच आहे. फक्त एक फट ठेवली, आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढं बोलणं चालतं. म्हणून प्रत्येक केसमध्ये तेच छापील वाक्य, 'लपवून ठेवलेला कोयता काढून देतो, माझ्याबरोबर चला'. 1946 च्या डिसेंबरात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, सांगितलं की 'चाकू दाखवतो' एवढंच धरायचं, 'ज्यानं मी भोसकलं' हा तुकडा सोडून द्यायचा, आणि सापडलं म्हणजे नुसता चाकू नव्हे, तो कुठं होता आणि आरोपीला ते माहीत होतं, ते सापडलं. पुढं पंच्याहत्तर वर्षं खालच्या कोर्टांत हा तुकडा कधी गळला, कधी राहिला.

आणि इथं आपला घोळ सुरू होतो. आरोपी बोलणार मराठीत, लिहिणारा लिहिणार कन्नडमध्ये, अपील धारवाडला गेलं की इंग्रजी. आमच्या गल्लीतल्या एका काकांना पंच म्हणून नेलेलं, त्यांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, सही मराठीत मारून आले. कोर्टात वकिलानं कागद पुढं धरून विचारलं, वाचा बघू. संपलं, पंच फितूर म्हणून शिक्का.

ऑक्टोबर 2022 ला सुप्रीम कोर्टानं एकाच दिवशी दोन निकाल दिले, एक कर्नाटकातली खुनाची केस आणि एक उत्तर प्रदेशातली फाशीची. आरोपीचे नेमके शब्द पाहिजेत, ते पंचांच्या समोर बोललेले पाहिजेत. दोघं सुटले. नाशिककडच्या केसमध्ये तर 2009 ला त्याच कोर्टानं सहा जणांची फाशी ठरवली आणि 2019 ला सहाही निर्दोष सोडले, कारण साक्षीदारानं पोलिसांकडच्या फोटोंत आधी वेगळेच चौघं ओळखलेले, ते दाबून ठेवलेलं. सोळा वर्षं आत, भरपाई पाच लाख प्रत्येकी. फाशी झाली असती तर ते पाच लाख कुणाच्या हातात देणार होते?

हिंडलग्यातलेही वाचले, पण पुराव्यावर नाही. 2004 ला जन्मठेप वाढवून फाशी झालेले चौघं 2014 ला दयेच्या अर्जाला उशीर झाला म्हणून, आणि एक जण 2022 ला दहा वर्षं एकांतकोठडीत ठेवला म्हणून.

1 जुलै 2024 पासून नव्या पुरावा कायद्यात कलम 27 चं 23 झालंय, झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंगही सक्तीचं. व्हिडिओत आवाज मराठी येईल, खालचा कागद कन्नडच, आणि पंचाची सही त्या कागदावर.