जांभ्यातली विहीर लवकर भरते, लवकर नासते

बेळगावात पावसाची ददात नाही. वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी रांगा लागतात. कारण पायाखालच्या जांभ्यात आहे. हा दगड नळीसारख्या पोकळ्यांनी भरलेला. पाणी त्यातून झरझर उतरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि त्या सांध्यावर विहिरीला झरे फुटतात. पण तेच पाणी उताराने नाल्यांकडेही निघून जातं.

इंग्रजी अमदानीत शहराची तहान मुख्यतः विहिरींवरच भागत असे. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं, तेव्हा लोकांच्या पाण्यासाठी विहीरच खोदावी लागली. तिचं नाव पंपा सरोवर; आजची काँग्रेस विहीर.

विहीर किती खोल, यावरून ती किती पाणी देईल हे ठरत नाही. ती उपसून बघावी लागते. ४ मीटर व्यासाची विहीर घ्या. उपसा थांबवून काठावर खूण करा, दोरीला वजन बांधून पातळी मोजा, दोन तासांनी पुन्हा मोजा. ५० सेंटिमीटर चढली तर आवक तासाला साधारण ३,१०० लिटर. मे महिन्यात तीच दोन तासांत १० सेंटिमीटर चढली, तर तासाला जेमतेम ६३० लिटर. यापेक्षा जास्त उपसा ठेवला की रहाटाचा पोहरा गाळात आपटायला लागतो. मग लोक तळ आणखी खणतात. चिकणमातीत खणलं तर साठा वाढतो, आवक नाही. आधी गाळ काढून बुजलेले झरे मोकळे करणं केव्हाही चांगलं.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. पोकळ्या मोठ्या असल्याने जांभा पाणी नीट गाळत नाही. जवळच्या शोषखड्ड्यातली घाण फार न अडता झऱ्याला पोहोचते, आणि पाणी कमी असताना तिचं प्रमाण वाढतं. म्हणून टंचाई आणि पटकी (कॉलरा) हातात हात घालून येत.

१८९० च्या दशकात आग्र्याला जंतुशास्त्रज्ञ हँकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा उपाय पुढे आणला. पाण्याला गुलाबी रंग येतो. सेंद्रिय घाण जितकी जास्त, तितका तो लवकर उडतो. हीच त्याची मर्यादा: औषध घाणीवरच खर्ची पडतं, जंतूंसाठी उरत नाही.

पुढे ब्लीचिंग पावडर आली. वरच्याच विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर साठा ३७,७०० लिटर. ताज्या पावडरीचं (३३ टक्के क्लोरीन) प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ९५ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात घट्टसर कालवायची, मग पाणी वाढवून दहा मिनिटं निवळू द्यायचं. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती पाण्याखाली सोडायची आणि जोराने खालीवर करायची. तळाचा चुना विहिरीत टाकू नये, पाणी जड होतं. एक तास उपसा बंद. रात्री केलेलं उत्तम. पावडरीचा डबा उघडा राहिला असेल तर क्लोरीन उडून जातो आणि हिशोब कितीही बरोबर असला तरी विहीर शुद्ध होत नाही.