रेल्वे स्थानकांतील देशी वास्तुशैली

ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या काही रेल्वे स्थानकांत घुमट, छत्री (खांबांवरची लहान घुमटी), जाळी, छज्जा, महिरपी कमान अशी भारतीय वास्तूंची अंगे योजण्यात आली. त्यांपैकी बऱ्याच इमारती इंडो-सारासेनिक, म्हणजे भारतीय-इस्लामी अंगे आणि युरोपीय बांधणी यांची सांगड घालणाऱ्या शैलीत मोडतात.

आरंभीची स्थानके निराळी होती. १८५७ च्या उठावाचा धसका ताजा असताना बांधलेले लाहोरचे स्थानक प्रसंगी लढवता यावे म्हणून बुरुजांसह गढीसारखे रचले गेले. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचा (१८७८–८७) सांगाडा वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीचा ठेवला, तरी त्यावरील बरेचसे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. चेन्नईचे एग्मोर (१९०८) आणि लखनौचे चारबाग येथे दर्शनी भागच घुमट-छत्र्यांचा झाला. मात्र तिकीटघर, फलाट व लोखंडी कैच्यांचे (त्रिकोणी आधार-चौकटींचे) छप्पर ही मांडणी विलायतीच राहिली. त्यामुळे अशा इमारतींतील देशीपण पुष्कळदा अंगरख्यापुरते आहे, हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही.

ग्वाल्हेरसारख्या संस्थानात हा आक्षेप तितकासा लागू पडत नाही, कारण तेथे दगड, पाथरवट आणि पैसा तिन्ही घरचे होते. संस्थानिक जयाजीराव शिंदे यांनी १८७२ मध्ये आग्रा–ग्वाल्हेर मार्गासाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले आणि १८८१ मध्ये तो सुरू झाला. घडणीचे नमुने तर गावातच होते: किल्ल्यावर राजा मानसिंह तोमराचा मानमंदिर महाल, खाली सूफी संत मुहम्मद घौसची जाळीदार कबर. एका अखंड फरशीवर आकृती आखून, मधला दगड छिन्नीने उडवून जाळी काढतात; तिच्यातून वारा खेळतो आणि ऊन चाळून आत येते. तोड्यांवर, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या दगडी आधारांवर, पुढे काढलेला उतरता छज्जा भिंतीवर पडणारे ऊन अडवतो व पावसाचे पाणी पायथ्यापासून दूर टाकतो. ज्या गावात उन्हाळ्याच्या भरात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथील मुसाफिरखान्याला ही अंगे शोभेपेक्षा सोयीसाठीच अधिक लागतात. या कारागिरीचा लौकिक परदेशीही गेला: मेजर जे. बी. कीथ यांच्या देखरेखीखाली कोरलेले ग्वाल्हेर प्रवेशद्वार १८८३–८४ च्या कलकत्ता प्रदर्शनात मांडले गेले आणि आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जयाजीरावांचे पुत्र माधवराव शिंदे यांना आगगाडीचा भारी शौक. जयविलास महालात पंगतीच्या मेजावर मद्य व सिगार फिरवणारी त्यांची चांदीची गाडी पाहुण्यांना आजही दाखवतात. त्यांच्याच कारकिर्दीत ६१० मिलिमीटर रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे भिंड, शिवपुरी आणि १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोहोचली. तिच्या वाटेवरील ठाणी मात्र साधी होती. सुमारे २०० किलोमीटरच्या श्योपूर मार्गावरील छोटी गाडी २०२० मध्ये थांबली आणि तेथे ब्रॉडगेजचे काम हाती घेण्यात आले.