मुलाग पदकामागची दीडशे वर्षं

२९ डिसेंबर २०२० रोजी मेलबर्नच्या मैदानावर भारताने ऑस्ट्रेलियाला आठ गडी राखून हरवलं. ॲडलेडला ३६ धावांत गारद झाल्यानंतर लगेच मिळवलेला हा विजय आपल्याकडे कोण विसरेल! ११२ धावांची खेळी करणारा कर्णधार अजिंक्य रहाणे सामनावीर ठरला आणि त्याला एक पदक मिळालं, कमरेच्या पट्ट्याच्या बकलसारखं दिसणारं. हे 'मुलाग पदक' त्या वर्षी प्रथमच दिलं गेलं आणि त्याचा पहिला मानकरी एक मुंबईकर ठरला. १८६८ साली इंग्लंडचा दौरा केलेल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, संघातला सर्वोत्तम खेळाडू जॉनी मुलाग याच्या स्मरणार्थ हे पदक आहे, एवढं बहुतेक बातम्यांत आलं. पण मुलागची गोष्ट क्रिकेटपुरती नाही. ऑस्ट्रेलियाने आपल्या मूळ रहिवाशांना राष्ट्राच्या ओळखीत कुठे जागा दिली आणि कुठे दिली नाही, हे त्याच्या आयुष्यातच दिसतं.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. २६ जानेवारी १७८८ रोजी कॅप्टन आर्थर फिलिपने सिडनीच्या खाडीत ब्रिटिश झेंडा रोवला. न्यूझीलंडमध्ये ब्रिटिशांनी १८४० साली माओरी प्रमुखांशी वायटांगीचा करार केला, उत्तर अमेरिकेतही जमातींशी करार झाले. ऑस्ट्रेलियात मात्र सरकारने एकही करार केला नाही. ही भूमी कुणाच्याच मालकीची नव्हती, असं गृहीत धरून कारभार सुरू झाला. हजारो वर्षं तिथे राहणाऱ्या, शेकडो भाषा बोलणाऱ्या माणसांची जमीन कायद्याच्या लेखी मोकळी ठरली.

एक अपवाद होता होता राहिला. १८३५ साली जॉन बॅटमन या गोऱ्या वसाहतवाल्याने आजच्या मेलबर्नच्या परिसरात वुरुंजेरी जमातीच्या वडीलधाऱ्यांशी एक करार केला: चादरी, सुऱ्या, पीठ अशा वस्तूंच्या बदल्यात सुमारे सहा लाख एकर जमीन. सौदा उघडच लबाडीचा होता. समोरच्यांना त्यातलं काय उमगलं असेल, याबद्दल इतिहासकारांना दाट शंका आहे. पण जमीन मूळ रहिवाशांची आहे आणि ती घ्यायची तर त्यांच्याशी बोलावं लागतं, निदान एवढं तरी त्या कागदात मान्य केलेलं होतं. गव्हर्नर रिचर्ड बर्कने त्याच वर्षी जाहीरनामा काढून तो रद्द केला. कारण बॅटमनने फसवलं हे नव्हे. जमीन राजसत्तेची, तेव्हा ती विकायचा अधिकारच मूळ रहिवाशांना नाही, हे कारण.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, मेलबर्न ज्यात आहे त्या आजच्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेकडच्या विमेरा भागात मेंढ्यांचे कळप पसरले. जारद्वाजाली जमातीत १८४१ च्या सुमारास जन्मलेला उनारिमिन याच काळात वाढला. पूर्वजांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या मेंढपाळीच्या मळ्यांवर तो मजुरी करत होता आणि तिथल्या गोऱ्यांचं बघून क्रिकेट शिकला. अशाच एका मळ्याच्या नावावरून तो जॉनी मुलाग झाला. त्याच्या सहकाऱ्यांना चिकटवलेली नावं ऐका: सनडाउन, ट्वोपेनी, मॉस्किटो, टायगर, किंग कोल. माणसांना अशी नावं द्यायला कुणाला काही वाटलं नाही, यातच त्या काळातलं नातं कळतं.

१८६६ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मेलबर्नच्या मैदानावर मेलबर्न क्रिकेट क्लब आणि ॲबोरिजिनल संघ असा सामना झाला. हजारो लोक लोटले होते. बॉक्सिंग डे कसोटीचं सगळं कौतुक ऐकताना ही आठवण फार थोड्या समालोचकांनी काढलेली ऐकली आहे. संघाचा प्रशिक्षक होता टॉम विल्स. पाचच वर्षांपूर्वी क्वीन्सलंडमध्ये ॲबोरिजिनल लोकांच्या हल्ल्यात त्याच्या वडिलांसह १९ गोरे मारले गेले होते आणि त्याच्या सूडापोटी कितीतरी अधिक मूळ रहिवाशांची कत्तल झाली होती. त्या माणसाने अवघ्या पाच वर्षांत त्याच समाजाच्या मुलांना फलंदाजीचे धडे द्यावेत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

दोन वर्षांनी संघ इंग्लंडला गेला. मूळ रहिवाशांच्या 'संरक्षणा'साठी व्हिक्टोरियात नेमलेल्या मंडळाचा दौऱ्याला विरोध होता, पण चार्ल्स लॉरेन्स या इंग्रज कर्णधाराने खेळाडूंना सिडनीमार्गे जहाजावर चढवलं. ४७ सामने झाले: १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. मुलाग ४५ सामने खेळला. १,६९८ धावा आणि २४५ बळी. लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध (म्हणजे लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबविरुद्ध) त्याने ७५ धावा काढल्या. गोऱ्या ऑस्ट्रेलियन संघाच्या पहिल्या इंग्लंड दौऱ्याला तेव्हा दहा वर्षं अवकाश होता. थोडक्यात, परदेशी जाऊन खेळणारा ऑस्ट्रेलियाचा पहिला क्रिकेट संघ मूळ रहिवाशांचा होता. खेळ संपल्यावर मात्र त्यांना बूमरँग आणि भाले फेकून दाखवावे लागत. डिक-ए-डिक नावाचा खेळाडू हातात अरुंद ढाल घेऊन उभा राही आणि प्रेक्षक पैसे मोजून त्याच्यावर चेंडू फेकत. किंग कोल लंडनमध्येच आजारी पडून वारला आणि तिथेच पुरला गेला.

ते परतले आणि १८६९ साली व्हिक्टोरियाने 'संरक्षण' कायदा केला. मूळ रहिवाशांनी कुठे राहायचं, कुठे काम करायचं आणि त्यांच्या मुलांचा सांभाळ कुणी करायचा, हे ठरवायचा अधिकार सरकारकडे गेला. पुन्हा दौरा निघणं शक्यच नव्हतं. मुलाग पुढे १८७९ मध्ये लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध व्हिक्टोरियाकडून एकच मोठा सामना खेळला. सरकारी वस्तीत जायला त्याने नकार दिला, हॅरो गावाभोवती मजुरी करत राहिला आणि १८९१ साली तिथेच वारला.

दहा वर्षांनी, १९०१ मध्ये, वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया हे राष्ट्र झालं. त्याच्या राज्यघटनेत मूळ रहिवाशांचा उल्लेख दोनच ठिकाणी होता आणि दोन्ही ठिकाणी त्यांना वगळण्यासाठी: केंद्राने त्यांच्यासाठी कायदे करायचे नाहीत आणि देशाची लोकसंख्या मोजताना त्यांना धरायचं नाही. त्याच वर्षी आशियाई लोकांना रोखणारा स्थलांतर कायदा आला. पाठोपाठ १९०२ च्या मताधिकार कायद्याने मूळ रहिवासी आणि आशियाई यांना जवळजवळ सरसकट मतदानाबाहेर ठेवलं. म्हणजे आज मेलबर्न-सिडनीत घर घेऊन राहणाऱ्या मराठी माणसाला ज्या भिंतीने अडवलं असतं, तीच भिंत मुलागच्या लोकांना त्यांच्याच देशात आडवी आली. ही 'श्वेत ऑस्ट्रेलिया'ची भिंत अखेर १९७३ मध्ये पडली. आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअरांची तिकडची वाट त्यानंतर खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

या काळातली सर्वांत खोल जखम मुलांची. कातडीचा रंग जरा उजळ असलेली मुलं आईपासून तोडून संस्थांत किंवा गोऱ्या घरांत वाढवायची, म्हणजे दोन पिढ्यांत तो समाज विरघळून जाईल, असं सरकारी धोरण होतं. १९९७ च्या चौकशी अहवालानुसार १९१० ते १९७० या काळात दर दहा मुलांमागे किमान एक, तर काही भागांत तीनामागे एक मूल अशा रीतीने हिरावलं गेलं. संसदेत पंतप्रधान केव्हिन रड यांनी याबद्दल माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी.

माणसं नकोत, पण त्यांची चित्रं हवीत, अशीही एक तऱ्हा याच देशात होती. १४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियाने पौंड सोडून डॉलर स्वीकारला. नव्या एक डॉलरच्या नोटेवर एक देखणी चित्राकृती होती. ती उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचे मूळ रहिवासी चित्रकार डेव्हिड मलांगी यांच्या झाडाच्या सालीवरच्या चित्रावरून घेतलेली होती. मलांगींना कुणी विचारलं नव्हतं. चित्रकार कोणी अनाम, जुना असावा, असं धरलं गेलं. हयात असलेल्या, काम करत असलेल्या माणसाला त्याच्या चित्रासकट इतिहासजमा केलं गेलं. बोभाटा झाल्यावर त्यांना हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य मिळालं. नोट प्रत्येकाच्या खिशात गेली त्या वेळी चित्रकाराच्या समाजाला देशाच्या लोकसंख्येत न धरणारं कलम घटनेत जसंच्या तसं होतं. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. राष्ट्राला स्वतःचा असा चेहरा हवा होता आणि तो ब्रिटनहून आणता येत नव्हता.

ते कलम पुढच्याच वर्षी गेलं. २७ मे १९६७ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी दोन्ही वगळणाऱ्या तरतुदी काढायला कौल दिला. त्याआधी १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी जमातीच्या गुराख्यांनी उत्तरेतल्या वेव्ह हिल या गुरांच्या मळ्यावर काम बंद केलं होतं. मागणी आधी मजुरीची, मग जमिनीची झाली. १९७५ साली पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या तळहातावर मूठभर माती ओतली आणि जमिनीचा एक भाग परत दिला.

कायद्याचा पाया हलवला तो एडी माबो यांनी. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मरे बेटाचा हा माणूस टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळीकाम करत होता. तिथल्या इतिहासकारांशी गप्पा मारताना त्यांना कळलं, की बेटावरची आपल्या घराण्याची जमीन कायद्याने सरकारची आहे. ते खटला लढले. ३ जून १९९२ रोजी उच्चतम न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने निकाल दिला: मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क ब्रिटिश येण्याआधीपासून होता, आणि काही ठिकाणी तो अजूनही टिकून आहे. माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते.

त्यानंतरची तीस वर्षं मला दोन वेगवेगळ्या वेगांनी गेलेली दिसतात. मानाच्या गोष्टी भराभर घडल्या. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकची ज्योत मूळ रहिवासी धावपटू कॅथी फ्रीमनने पेटवली. १ जानेवारी २०२१ पासून राष्ट्रगीतात देशाला 'तरुण' म्हणणं बंद झालं, कारण इथल्या माणसांचा इतिहास साठ हजार वर्षांइतका जुना मानला जातो. गुलिजान या मूळ जमातीच्या वंशातल्या स्कॉट बोलंडने त्याच वर्षी कसोटी पदार्पणात मेलबर्नला ७ धावांत ६ बळी घेतले आणि मुलाग पदक मिळवलं. स्टेडियम त्याच्या नावाने दुमदुमलं, ते प्रेम खरंच होतं.

अधिकाराचा प्रश्न आला की पावलं अडखळतात. १९८८ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी मूळ रहिवाशांशी करार करण्याचं वचन दिलं, तो झाला नाही. २६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन, त्यांचा राष्ट्रदिन. मूळ रहिवासी १९३८ पासून तो शोकदिन म्हणून पाळत आले आहेत. २०१७ साली मेलबर्नच्या यारा आणि डारेबिन नगरपालिकांनी त्या दिवशी नागरिकत्वाचे समारंभ घ्यायचं बंद केलं, तेव्हा केंद्राने त्यांचा समारंभ घेण्याचा अधिकारच काढून घेतला. आपल्यातल्या अनेकांनी तिथे नागरिकत्वाची शपथ २६ जानेवारीलाच घेतली आहे. त्यांनी हा वाद परक्याचा मानू नये, असं मला मनापासून वाटतं.

मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींनी काढलेल्या २०१७ च्या उलुरू निवेदनाने एक माफक मागणी केली: संसदेला सल्ला देणारं मूळ रहिवाशांचं मंडळ घटनेत असावं. कायदे करण्याचा किंवा अडवण्याचा अधिकार त्याला नसणार होता, फक्त सल्ल्याचा. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के लोकांनी ते नाकारलं. सहाही राज्यांत 'नाही'चा विजय झाला. विरोधकांत जसिंटा प्राइस यांच्यासारखे मूळ रहिवासी नेतेही होते. वंशावरून नागरिकांत फरक नको, असं त्यांचं म्हणणं. लिडिया थॉर्प यांना उलट हा सल्ल्याचा हक्क फारच तोकडा वाटत होता, त्यांना आधी करार हवा होता. तरीही २०२१ च्या जनगणनेत ३.२ टक्के असलेल्या समाजाला नुसतं विचारलं जाण्याचा हक्क देणं बहुसंख्यांना जड जावं, हे मला दुःखद वाटतं.

करार मात्र एका ठिकाणी झाला, तोही बर्कने जिथला कागद फाडला त्याच प्रदेशात. व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कायदा मंजूर केला आणि नोव्हेंबरात राज्य सरकार व मूळ रहिवाशांची निवडून आलेली सभा यांच्यातल्या करारावर सह्या झाल्या. ऑस्ट्रेलियात सरकारने केलेला असा हा पहिला करार. क्वीन्सलंडमध्ये सत्ताबदल होताच २०२४ मध्ये कराराच्या वाटेचा कायदा रद्द झाला होता. व्हिक्टोरियातल्या विरोधी आघाडीनेही सत्ता मिळाल्यास हा कायदा मोडीत काढण्याचं जाहीर केलं आहे. राज्याची पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२६ ची आहे.