एलईडी तापत नाही म्हणे!
कोल्हापुरात राजारामपुरी असो की फुलेवाडी, पीओपीच्या सीलिंगचं काम निघालं की ‘एलईडी तापत नाही, दिव्याच्या वर काहीही ठेवा’ हे ऐकू येतंच. निम्मंच खरं आहे. जुन्या 50 वॅटच्या हॅलोजनइतका ताप नाही, कबूल. पण एलईडीची बहुतेक उष्णता पुढे न येता मागे जाते. म्हणून तर पाठीला ॲल्युमिनियमच्या पात्या असतात. त्यावर थर्माकोल किंवा ग्लासवूल दाबून बसवलं की उष्णता कोंडते आणि बहुधा आधी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, जातो. शिव्या मात्र दिव्याच्या कंपनीला.

त्याहून वाईट म्हणजे जॉइंट. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर. गरमीने टेपचा गोंद सुटतो, पिळा सैल पडला की तिथेच ठिणगी. कनेक्टर लावा, तो बंद डबीत ठेवा, धातूच्या दिव्याला अर्थिंग द्या. आपल्या पावसात स्लॅब पाझरतो, तेव्हा 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पडणारा स्विच, हवीच. शॉक बसला तर नुसती एमसीबी, म्हणजे जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किटला पडणारा स्विच, पडेलच असं नाही. मिस्त्री ‘काय हुत न्हाई ओ’ म्हणाला तरी सीलिंग बंद व्हायच्या आत मेन पाडून जॉइंट बघा. फोटोही काढा, नंतर वायर कुठून गेली ते कुणालाच आठवत नाही.