आडव्या रेघेत वाढलेलं जंगल

जपानमधल्या लागवडीच्या जंगलाचा आलेख काढला तर हाती जवळजवळ आडवी रेघ येते. १९९० मध्ये सुमारे एक कोटी हेक्टर, २०२० मध्येही तेवढंच. चीनची रेघ मात्र चढती आहे. चार कोटी हेक्टरांच्या थोडं वरून निघून तीस वर्षांत ती ८ कोटी ४७ लाखांच्या आसपास पोचली. महाराष्ट्राचं सगळं क्षेत्रफळ ३ कोटी ८ लाख हेक्टर. म्हणजे हे पावणेतीन महाराष्ट्र झाले. चीन झाडं लावतोय आणि जपान थांबलाय, असंच कुणालाही वाटेल. पण माझ्या मते या आलेखातली खरी गंमत जपानच्या आडव्या रेघेत आहे.

आधी हे मोजतात कसं ते पाहू. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ठरावीक वर्षांनी जगातल्या जंगलांची मोजदाद करते. तिच्या व्याख्येत रबराचे मळे बसतात, फळबागा बसत नाहीत. गुडघ्याएवढी रोपं असलेला उतारही, ती पुढे पाच मीटरपर्यंत वाढतील या भरवशावर, जंगल म्हणूनच नोंदला जातो. शंभर फुटी झाडांचा एक हेक्टर आणि कालच्या रोपांचा एक हेक्टर, दोन्ही सारखेच.

दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरच्या घरबांधणीत जपानचे डोंगर उघडे पडले होते. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथे झपाट्याने लागवड झाली, ती मुख्यतः सुगी आणि हिनोकी या दोन झाडांची. (आपल्या सुगीच्या दिवसांशी या सुगीचा संबंध नाही, हा घराच्या खांबांना चालणारा सरळसोट सूचिपर्णी वृक्ष.) ही झाडं तयार व्हायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात. तेवढ्यात १९६४ मध्ये लाकडाची आयात खुली झाली, खेड्यातली तरुण मंडळी शहरांत गेली आणि उभ्या उतारावरचं लाकूड काढणं परवडेनासं झालं. झाडं तशीच उभी राहिली आणि वाढत गेली. १९६६ मध्ये या लागवडींत सुमारे ५६ कोटी घनमीटर लाकूड होतं. २०१७ मध्ये ते ३३० कोटींच्या घरात गेलं. जवळपास सहापट!

विरळणी (दाटीतली काही झाडं काढून टाकणं) न झालेल्या सुगीच्या रानात उजेड जमिनीपर्यंत पोचत नाही. खाली गवत नाही, झुडूप नाही. पावसात उघडी माती वाहून जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्यांची टोकं तांबूस होतात आणि वाऱ्याच्या झोतासरशी पिवळट धुरळा उठतो. हे परागकण. झाड पंचवीस-तीस वर्षांचं झालं की ते भरभरून येतात. २०१९ च्या पाहणीत सुमारे ३९ टक्के जपानी लोकांना या परागांची ॲलर्जी आढळली.

चीनची लागवड तुलनेने कोवळी. वाळवंट रोखण्यासाठी उत्तरेत १९७८ मध्ये सुरू झालेली वृक्षपट्ट्यांची योजना २०५० पर्यंत चालायची आहे. १९९८ च्या यांगत्सेच्या महापुरानंतर नैसर्गिक जंगलातल्या तोडीवर निर्बंध आले. १९९९ पासून चढावरची शेती सोडून झाडं लावणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार धान्य आणि पैसे देऊ लागलं. त्या उतारांवरून नदीत जाणारा गाळ कमी झाला, हे मोठंच काम. पण कोरड्या भागात लावलेले पॉप्लर पाण्याअभावी खुरटले. तिथे त्यांना ‘छोटे म्हातारे’ म्हणतात. उत्तर चीनमधल्या निंगशियात तर एकाच जातीच्या या झाडांना खोड पोखरणारा भुंगेरा लागला आणि लाखो झाडं तोडावी लागली.

जपान सरकारने २०२३ मध्ये पराग देणाऱ्या सुगीच्या लागवडीचं क्षेत्र दहा वर्षांत २० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. तोडलेल्या जागी कमी पराग देणाऱ्या वाणांची आणि इतर झाडांची रोपं लावायची आहेत. डोंगर पुन्हा कोवळे दिसतील, आलेखातली रेघ तेव्हाही आडवीच असेल.