पेटीतल्या बाळाला खोबरेल लावायचं का?

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही बघा, बाळ सातव्या महिन्यात झालं आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काचेच्या उबदार पेटीत ठेवलं की घरातली आजी पहिलं विचारते, अंगाला तेल कोण लावणार? आणि नर्सने बाटली आत नेऊ दिली नाही की तिचा जीव कासावीस होतो. हा प्रश्न अजिबात खुळचट नाही, यावर मोठमोठ्या ट्रायल, म्हणजे उपाय खरंच चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या झाल्यात.

आधी त्वचेचं बघू. २८ आठवड्यांच्या बाळाची कातडी लालसर, चकचकीत आणि इतकी पातळ असते की खालच्या शिरा दिसतात, चिकटपट्टी जरा घाईत काढली तर वरचा थरच तिच्याबरोबर निघून येतो. त्यातून अंगातलं पाणी उडून जातं आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. वर आईच्या अँटिबॉडीज बाळाकडे जातात त्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, ते दिवस याला मिळालेलेच नसतात. त्यात शिरेतली लाइन (सलाईन-औषध देण्याची बारीक नळी), श्वासाची नळी. दिल्लीच्या तीन मोठ्या हॉस्पिटलांतला अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात नवजात बाळांच्या रक्तात असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला असे जंतू सापडले आणि त्यातल्या बऱ्याच जंतूंवर नेहमीची अँटिबायोटिक्स चालतच नव्हती. म्हणून इन्फेक्शन झाल्यावर औषध शोधत बसण्यापेक्षा ते होऊच न देणं एवढं महत्त्वाचं.

आता तेल. ढाक्याच्या शिशु हॉस्पिटलात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ४९७ बाळांवर ट्रायल झाली, काहींना सूर्यफुलाचं तेल, काहींना व्हॅसलीनसारखं मलम, काहींना काहीच नाही. २००५ मध्ये निकाल आला, तेलवाल्या गटात हॉस्पिटलात होणारं इन्फेक्शन ४१ टक्क्यांनी कमी! पण अमेरिकेत एक किलोच्या आतल्या ११९१ बाळांना तसंच मलम लावलं तर त्वचेवरच्या एका प्रकारच्या स्टॅफ जंतूचं इन्फेक्शन उलट वाढलं. तिथली बाळं कितीतरी लहान, उबदार दमट पेट्यांत ठेवलेली, जंतूही वेगळे, आणि मलम म्हणजे तेल नव्हे, तेव्हा एकीकडचा निकाल उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही. पुढे सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा तेलाने इन्फेक्शन थांबतं असं ठामपणे म्हणता आलं नाही, वजन मात्र थोडं बरं वाढतं असं दिसलं. खोबरेलाने त्वचेतून उडणारं पाणी कमी होतं हे आपल्या देशातल्या अभ्यासातही दिसलंय. डब्ल्यूएचओ २०२२ पासून म्हणते की सूर्यफूल किंवा खोबरेल तेलाचा विचार करायला हरकत नाही. विचार करायला, म्हणजे डॉक्टरांनी बाळ बघून. घरचं घाण्याचं तेल कितीही शुद्ध असलं तरी उघडलेली बाटली आणि चार जणांचे हात थेट त्या कातडीवर नकोतच.

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे. महागडी दिसणारी बरीच आशा मोठ्या ट्रायलमध्ये टिकली नाही, गाईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन नावाचं प्रोटीन इन्फेक्शन रोखायला इटलीतल्या ४७२ बाळांत जबरदस्त चाललं, आणि २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या दोन हजारांवर बाळांत काहीच फरक नाही. आणि जे टिकलं ते काय, तर आईची छाती. कांगारू केअर म्हणजे टोपी-डायपर घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं धरून वरून कापडाने बांधायचं. पूर्वी बाळ स्थिर झाल्यावरच हे करायचे. मग पाच देशांत (आपलं दिल्लीचं सफदरजंगही त्यात होतं) १ ते १.८ किलोच्या ३२११ बाळांवर बघितलं की जन्मल्याबरोबरच सुरू केलं तर काय होतं. आईला बाळाशेजारीच खाट दिली, दिवसाला जवळजवळ १७ तास बाळ छातीवर. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले, सेप्सिसचा (अंगभर पसरणाऱ्या गंभीर इन्फेक्शनचा) संशयही कमी बाळांत आला. फायदा एवढा स्पष्ट होता की ट्रायल मध्येच थांबवली, कारण बाकीच्या बाळांना यापासून लांब ठेवणं बरोबर ठरलं नसतं.

म्हणून तुमचं किंवा बहिणीचं बाळ आत असेल तर राउंडच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, कांगारू कधी सुरू करता येईल, आईचं काढलेलं दूध कधीपासून देणार, आणि शिरेतली लाइन अजून लागतेय का, कारण लाइन जितके दिवस जास्त तितका धोका जास्त. सिझेरियन होऊन आई वेगळ्या वॉर्डात असेल तर बाबांच्या छातीवरही चालतं, हात कोपरापर्यंत नीट धुवून, अंगठी-घड्याळ काढून, आणि सर्दी-खोकला असेल त्या दिवशी नाही.